किशनरावांचे डोळे आणि मी, एक प्रिंटर

मित्रांनो, बोरी गावातल्या एका पत्र्याच्या खोलीत, शिलाई मशिनीच्या शेजारी, जुन्या साडीखाली जे चौकोनी काहीतरी बसलेलं दिसतं, तो मी. एक जुना रंगीत प्रिंटर. घाबरू नका. साडीखाली मी एकटाच असतो. म्हणजे, बराचसा एकटा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तुमचा तरी तुम्हाला कुठे आठवतो? आठवतं ते परभणीचं एक दुकान. तिथे मी खोक्यात बसून होतो आणि खोक्यावर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता. आई, बाप, दोन मुलं, मागे समुद्र. मला वाटायचं की जगात हीच माणसं राहतात आणि मी त्यांच्याकडेच जाणार. न्यायला आला भागवत. त्याच्याकडे समुद्र नव्हता, मोटरसायकल होती. तिच्यावर त्याच्या बायकोच्या मांडीवर बसून मी बोरीला आलो. पुढे भागवत वाळूजला कंपनीत कामाला गेला आणि मी त्याच्या बायकोचा, राजेश्रीचा, झालो. घरात आणखी दोन माणसं होती. सासरे किशनराव आणि सासू सुमनबाई. समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

सुरुवातीची वर्षं आनंदाची होती. पोरांच्या परीक्षेचे अर्ज, बारशाच्या पत्रिका, पासपोर्ट फोटो. पण राजेश्रीचा जीव होता तो मोठ्या फोटोंत. फोटो चांगला छापायचा तर अर्धं काम छापण्याच्या आधीच करावं लागतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. माझी शाई वाया घालवत घालवत ती ते शिकली. मोबाईलवर सुंदर दिसणारा माणूस कागदावर दिवेलागणीला उभा असल्यासारखा काळवंडून येतो, कारण पडद्याच्या मागे उजेड असतो आणि कागदाच्या मागे टेबल. म्हणून ती आधी पडद्याचा उजेड कमी करायची आणि मग चेहऱ्यावरचा अंधार हळूहळू उचलायची. आठ बाय दहाचा फोटो हवा असेल तर आठ इंचांत चोवीसशे ठिपके भरले पाहिजेत, हे ती कोणालाही पटवून द्यायची. ठिपके कमी पडले तर ती फोटो लहान काढायची, पण ताणायची नाही. मोबाईलने माणूस गोरा केलेला असला की ती त्याला पुन्हा उन्हात आणून उभा करायची. आणि मूळ फोटोला कधीच हात लावायची नाही. त्याची एक प्रत काढायची, जे काय करायचं ते प्रतीवर.

शेवटी, पूर्ण कागद वाया जाऊ नये म्हणून, ती बोटभर रुंदीच्या पट्टीवर नमुना छापून बघायची. नमुना डोळ्यांचाच. डोळे नीट आले की बाकीचा माणूस आपोआप नीट येतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात कागदाच्या पट्ट्याच पट्ट्या झाल्या आणि प्रत्येक पट्टीवर दोन डोळे. सुमनबाईंना काही वाया गेलेलं चालत नाही. त्यांनी त्या पट्ट्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीत कोंबल्या, डगमगणाऱ्या मांडणीखाली घातल्या, डब्यांवर चिकटवल्या. डाळीचा डबा, मिठाचा डबा, गुळाचा डबा, सगळे बघायचे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, मित्रांनो. मग शेजारच्या महारुद्रचे वडील, भगवानराव, वारले.

महारुद्र हा भागवतचा मित्र. तेराव्याच्या गोडजेवणाला हार घालायला फोटो पाहिजे म्हणून तो मोबाईल घेऊन आला आणि राजेश्रीसमोर बसूनच त्याने तिला फोटो पाठवला.

"महारुद्र भाऊ, असा नका पाठवू," राजेश्री म्हणाली. "असा पाठवला की वाटेत वाळतो, ठिपके गळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

"वाटेत वाळतो म्हंजे? मी तुमच्या म्होरंच बसलोय की वहिनी."

"तुमी बसलाय. फोटो जगभर फिरून येतो."

महारुद्रने दुसऱ्यांदा नीट पाठवला. फोटो एका लग्नातला होता, भर दुपारचा. भगवानराव मांडवाच्या खांबाजवळ उभे होते आणि नेमके डोळे मिटलेले.

"दुसरा न्हाई का?"

"न्हाई. बाबा फोटो म्हटलं की पळायचे. तुमी डोळे उघडा न त्यांचे. मिटलेला लावला तर लोक म्हणतील, मेल्यावर काढला."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे माणसाचे फोटो निघतात ते लग्नात, उन्हात, घाईत. डोळे मिटतातच. पण भिंतीवर मिटलेले डोळे चालत नाहीत. भिंतीवरच्या माणसाने घराकडे बघत राहावं, अशी अपेक्षा असते. मेल्यावरही सुट्टी नाही.

राजेश्रीने तिच्याजवळचे सगळे फोटो चाळले. डोळे मोठे हवेत, स्पष्ट हवेत, उजेड डावीकडून हवा. असे डोळे घरातच निघाले. किशनराव अंगणात बाजेवर बसून चहाची वाट बघतायत, असा एक झकास फोटो होता.

"मामा," तिने सासऱ्यांना हाक मारली, "तुमचे डोळे घेऊ का जरा?"

"घे की," किशनराव म्हणाले. "काम झालं की जाग्यावर ठिव."

ते थट्टेने म्हणाले. पण मित्रांनो, मी यंत्र आहे. मला थट्टा आणि सूचना यांतला फरक कळत नाही.

तिने डोळे काढले, भगवानरावांच्या चेहऱ्यावर बसवले, कडा मऊ केल्या, रंग जुळवला. फोटो मोठा करून पाहिला तर उजव्या बुबुळाशेजारी किशनरावांचा तिळाएवढा तपकिरी ठिपका तसाच आलेला. आणि बुबुळात, अगदी बारीक, हातात कप घेऊन उभ्या असलेल्या सुमनबाई. त्या काढायच्या तर डोळ्यातली चमकच जाते. राजेश्रीने त्या राहू दिल्या. मी छापलं. फोटो रात्रभर वाळू दिला, मग काचेत गेला.

महारुद्रच्या घरी लोक थक्क झाले. "म्हातारा बघायलाय बग," असं सगळे म्हणाले. माझं एवढं कौतुक तोवर कधी झालं नव्हतं. सुमनबाईंनी माझ्यावर हळदीकुंकू वाहिलं. ते आत गेलं आणि पुढचे चार पासपोर्ट फोटो पिवळसर आले.

मग रांगच लागली. गावात कोणी गेलं की मिटलेले डोळे राजेश्रीकडे यायचे आणि किशनरावांचे होऊन जायचे. पुरुष असो, बाई असो. बाईला ती पापण्यांची रेघ जरा गडद करायची. किशनराव दर वेळी "घे की" म्हणायचे. बघता बघता गावातल्या नऊ भिंतींवर नऊ मयत माणसं एकाच नजरेने बघायला लागली आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांत सुमनबाई कप घेऊन उभ्या होत्या.

नववा फोटो सारजाबाईच्या नवऱ्याचा, पंडितचा. दोघं दरवर्षी ऊसतोडीला जायची. पंडित आजारी पडून गेला. त्याचा जन्मात एकच फोटो निघाला होता. कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर उभा आहे आणि उसाच्या मोळीला टेकून पंडित बसल्या बसल्या झोपला आहे.

"जिंदगीत एक फोटो, त्यातबी झोपले," सारजाबाई म्हणाली. "उघड बाई त्यांचे डोळे. लग्नापासून माझ्याकडं धड बघितलं न्हाई त्यांनी. सदा नजर उसाकडं. आता बघू दे."

त्या दिवशी नमुन्याची पट्टी मी आत ओढली, तिच्यावर डोळे छापले आणि ती बाहेर आलीच नाही. राजेश्रीने झाकण उघडलं, बॅटरी मारली, मला आडवं उभं हलवलं. पट्टी नाही. "गेली कुठं तरी," म्हणून तिने दुसरी घातली. फोटो सुरेख आला. दिवाळी झाल्यावर सारजाबाई तो फोटो ट्रंकेत घालून टोळीबरोबर कोल्हापूरच्या बाजूला तोडीला गेली.

आता गावात काय व्हायला लागलं ते ऐका.

किशनराव रस्त्याने निघाले की बाया पदर घ्यायला लागल्या. सुना घेतात ते वेगळं. ज्या बायांनी किशनरावांना चड्डीत पाहिलंय, त्याही पदर डोक्यावर ओढून भिंतीला लागून उभ्या राहायच्या. त्यांना विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. पारावर भांडण चालू असलं आणि किशनराव आले की भांडण थांबायचं. एकाने तर त्यांच्याकडे बघत बघत, न विचारता, "बाबा, बांध मीच कोरला," असं कबूल केलं. किशनराव त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते.

"गाव तुमाला लय मान द्यायलंय," सुमनबाई म्हणाल्या. "काय केलंत काय?"

"मी कुठं काय केलं. नुसतं बघतो मी."

"मंग नका बघू."

एका सकाळी किशनराव चहा पिताना सहज म्हणाले, "महारुद्रनं फ्रिज आणलाय. लाल हाय."

राजेश्रीने कप खाली ठेवला. महारुद्रच्या दारात टेम्पो अजून उभा होता आणि खोकं नुकतंच घरात गेलं होतं. किशनराव सकाळपासून बाजेवरून उठले नव्हते.

"तुमाला कुणी सांगितलं मामा?"

"सांगायला कशाला पाहिजे? म्होरंच ठिवलाय की. बापाच्या फोटोच्या म्होरं."

मग त्यांनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. डोळे उघडे असले की आपलंच अंगण दिसतं. पण डोळे मिटले की घरं दिसतात, सगळी एकदम, बँकेत तो कॅमेऱ्याचा टीव्ही असतो तशी. एका घरी घड्याळ, एका घरी फ्रिज, एका घरी कपाट, तिघांकडे टीव्ही. तिन्हीकडे तीच मालिका, एकीकडे कालचा भाग. ऐकू काहीच येत नाही. आपलं स्वयंपाकघरही दिसतं, गुळाच्या डब्यावरून.

"म्हणून गूळ कमी व्हायलाय," सुमनबाई म्हणाल्या.

"अन् एक ठिकाण अंधारं हाय," किशनराव म्हणाले. "ते कुठलं ते कळंना. कधीमधी हिरवा दिवा लागतो अन् डोक्यावरून कायतरी इकडून तिकडं पळतंय."

सगळ्यांनी विचार केला. हे कोणाचं घर असेल, ते कोणालाच सुचलं नाही. मी गप्प बसलो. मला कोणी विचारलं नव्हतं.

राजेश्री शिकलेली होती, तिने खात्री करायचं ठरवलं. ती महारुद्रच्या घरी गेली, भगवानरावांच्या फोटोसमोर उभी राहिली आणि जीभ काढून दाखवली. महारुद्रच्या आईने ते पाहिलं. राजेश्री परत आली तर किशनराव बाजेवर डोळे मिटून बसलेले.

"सासऱ्याला वेडावतेस व्हय," ते म्हणाले. "अन् मागं महारुद्रची आई उभी होती. ती आता गावभर सांगणार."

तेव्हा मात्र राजेश्रीला ते हसण्यावारी नेता येईना. कारण तोवर तिच्या लक्षात आलं होतं की किशनराव कितीतरी दिवस झोपलेले नाहीत. झोपणार कसे? डोळे मिटले की नऊ घरं उघडायची. फोटोच्या पापण्या कधी मिटत नाहीत. जिंतूरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी एवढंच झालं की नऊही घरं जरा पिवळी दिसायला लागली. किशनरावांचं जेवण तुटलं. गालाची हाडं वर आली. एक दिवस ते विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि उन्हात डोळे मिटले तेव्हा त्यांना वाटलं की आपण कोणाच्या तरी माजघरात उभे आहोत. त्यांनी पुढे पाऊल टाकलं. पुढे माजघर नव्हतं. महारुद्रने मागून शर्ट धरला म्हणून ते वाचले.

त्या संध्याकाळी सुमनबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत त्या राजेश्रीला म्हणाल्या, "ज्यानं घेतले त्यानंच परत द्यावेत. न्हाईतर माणूस जाईल माझा."

राजेश्रीने दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. मूळ फोटो तिने जपून ठेवलेलेच होते. एकेक मूळ काढायची, पुन्हा तसाच चेहरा उजळायची, तसाच कापायची, फक्त डोळ्यांना हात लावायची नाही. भगवानराव मांडवाच्या खांबाजवळ डोळे मिटून उभे, तसेच. मी एकेक कागद काढत होतो. मग ती कागद घेऊन त्या त्या घरी जायची आणि म्हणायची की जुन्याची शाई उडायली, हा लावा, तो द्या. डोळे मिटलेले का, हे विचारलं तर काय सांगायचं, ते ती वाटेत जुळवत जायची.

पण महारुद्रने नवा फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि खुर्चीवर बसला.

"बरं झालं वहिनी," तो म्हणाला. "दोन वर्ष झाले, जेवताना बापाची नजर ताटात असायची. मी भाकरी सोडून दिली, लवकर उरकतंय म्हणून भातावर आलो."

सगळीकडे तेच निघालं. कोणी त्या खोलीत कपडे बदलत नव्हतं. कोणी टीव्हीचं चॅनल बदलायच्या आधी फोटोकडे बघून घ्यायचं. एका सुनेने सांगितलं की सासूच्या फोटोवर ती पदर टाकून मग आरशात बघते. सगळ्यांना ते जाणवत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच जाणवतंय.

परत आलेले फोटो जाळायला कोणी तयार होईना. माणसं होती ती, अर्धी का होईनात. राजेश्रीने बादलीत पाणी घेतलं आणि एकेक फोटो सोडला. माझी शाई पाण्यात विरघळते. आधी फेटे गेले, मग गाल गेले, मग ओठ. डोळे सगळ्यात शेवटी गेले, आणि त्यातही तो तपकिरी ठिपका. तो पाण्यावर जरा फिरला आणि मग दिसेनासा झाला. स्वयंपाकघरातल्या पट्ट्याही तिने खिडकीतून, मांडणीखालून, डब्यांवरून काढून त्याच बादलीत घातल्या. दर कागदाला बाजेवर बसलेले किशनराव "गेलं," असं म्हणायचे. "गेलं. महारुद्रचं गेलं. फ्रिज गेला." गुळाच्या डब्याला ते जरा थांबले, मग म्हणाले, "गेला."

त्यानंतर राजेश्रीने माझ्यावर साडी टाकली. इथून पुढे फोटो नाही, असं ती म्हणाली. मला वाईट वाटलं. मित्रांनो, प्रिंटरला विश्रांती मानवत नाही. शाई वाळते, बारीक छिद्रं बुजतात, माणूस असता तर म्हणाला असता की घसा बसला. पण माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. कारण किशनराव अजून झोपत नव्हते.

एक घर उरलं होतं. पंडितचा फोटो सारजाबाईबरोबर होता. आता किशनरावांनी डोळे मिटले की एकच जागा समोर यायची. उसाच्या पाचटाने शाकारलेली कोपी, तीन दगडांची चूल, कोपऱ्यात कोयता. आणि ते अंधारं ठिकाण, पण तिथला हिरवा दिवा आता लागत नव्हता.

"पहाटं उठती," किशनराव सांगायचे. "चूल पेटवती. मंग फोटोम्होरं येऊन बसती अन् माझ्याकडं बघून कायतरी बोलती. तोंड हलतंय नुसतं. रोज तेच बोलती वाटतं. काय बोलती काय म्हाईत."

"शिव्या देत असंल," सुमनबाई म्हणाल्या.

"तसंच तोंड दिसतंय."

राजेश्रीने सारजाबाईला फोन लावला आणि चाचरत विचारलं, मावशी, तो फोटो जरा भिंतीकडे तोंड करून ठेवता का.

"धन्याचं तोंड भिंतीकडं?" पलीकडून आवाज आला. "तुला काय झालंय पोरी?" आणि फोन ठेवला.

तोडीचा हंगाम संपेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. किशनराव बाजेवर बसून असायचे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चहा कपातच निवायचा. डोळे मिटण्याची त्यांना भीती नव्हती, पण मिटून काही उपयोग नव्हता. सुमनबाई रोज त्यांच्या पायाला तेल चोळायच्या आणि बोलायच्या काही नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणजे परिस्थिती खरोखर वाईट आहे, हे मला साडीखालूनही कळायचं.

होळी झाली आणि टोळ्या परतल्या. सारजाबाई आपल्या घरचं कुलूप न उघडता सरळ आमच्या अंगणात आली. बगलेत फोटो, लुगड्यात गुंडाळलेला. किशनराव नात्याने तिचे धाकटे दीर लागतात, त्यांच्यासमोर तिने कधी पदर घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. मग बसली.

"भाऊजी, सुनेला सांगा," ती म्हणाली. "ह्यांचे डोळे मिटून पाहिजेत."

मग किशनराव म्हणाले, "वहिनी, एक इचारू का? तुमी रोज पहाटं फोटोला काय म्हणत होता?"

सारजाबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"तुमाला दिसत होतं व्हय."

"दिसत होतं. ऐकू येत नव्हतं."

"झोपा म्हणत होते. दुसरं काय म्हणणार? आधी बरं वाटलं, माझ्याकडं बघायलेत म्हणून. मंग बघते तर बघायलेतच. पहाटं कोयता घिऊन निघाले तरी उघडे, अंधार पडल्यावर आले तरी उघडे. जिते होते तवा ऊस झोपू देईना, आता मी झोपू देईना. रोज सांगायचे, झोपा आता, बाकीचं मी बघते."

किशनराव बाजेवर सरसावून बसले. "मला वाटलं तुमी भांडायलात."

"भांडूनच सांगत होते. आमच्यात तसंच सांगतेत."

राजेश्रीने माझ्यावरची साडी काढली. सारजाबाईचा जुना मोबाईल केव्हाच पाण्यात पडून गेला होता. पंडितचा तो झोपलेला फोटो जगात एकाच ठिकाणी उरला होता, राजेश्रीच्या कॉम्प्युटरमध्ये, मूळ, हात न लावलेला. तिने त्याची प्रत काढली. उसाच्या मोळीवरचा अंधार उचलला, चेहऱ्यावरचं ऊन जरा खाली आणलं, मागचा ट्रॅक्टर कापला. पापण्यांपाशी आल्यावर तिने उंदरावरून हात काढून मांडीवर ठेवला. कॉम्प्युटरच्या उंदरावरून, बिळातल्या नव्हे.

मग माझी छिद्रं उघडी आहेत का ते तपासायला तिने मला जाळीच्या रेघा काढायला सांगितल्या. मी काढल्या. निम्म्या रेघा आल्याच नाहीत. लाल पूर्ण बंद. चार महिने मला कोणी विचारलं नव्हतं, मित्रांनो, आणि ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी माझ्याच्याने होईना. तिने माझं छापायचं डोकं साफ करायची आज्ञा दिली. मी गुरगुरलो, शाई आतल्या आत थुंकली, पुन्हा रेघा काढल्या. काळी आली. लाल नाही. पुन्हा साफ. पुन्हा नाही. अंगणात सारजाबाई उठून उभी राहिली. सुमनबाई आत आल्या आणि त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. हळदीकुंकू नव्हतं या वेळी. नुसता हात.

"काढ बाबा," त्या म्हणाल्या.

राजेश्री तासभर थांबली, म्हणजे वाळलेली शाई भिजेल. मग तिने पुन्हा आज्ञा दिली. लाल आली. आधी तुटक, मग सलग.

तिने जाड कागद घातला, चकचकीत बाजू बघून. मी सुरुवात केली. मी वरून खाली छापतो, रेघ रेघ करून. आधी पटका आला. मग कपाळ. मग भुवया. मग पापण्या, मिटलेल्या, त्यांच्यावर उसाची धूळ. पापणीची शेवटची रेघ मी छापली आणि त्याच वेळी राजेश्रीने पंडितचा जुना फोटो बादलीत सोडला.

अंगणात किशनराव सारजाबाईला सांगत होते, "त्या तुमच्या कोपीत वहिनी, चुलीच्या अंगाला..." आणि तिथेच थांबले. हातात कप तसाच. मान छातीवर आलेली.

सारजाबाईच्या तोंडावरचा रंग गेला. सुमनबाई सावकाश पुढे गेल्या, नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला, सांडू न देता, आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं.

"घोरायलेत," त्या म्हणाल्या. मग पायरीवर बसल्या आणि तो थंड चहा स्वतःच पिऊन टाकला.

किशनराव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. पंडित आपल्या घरच्या भिंतीवर झोपला. सारजाबाई सांगते की आता ती त्याला काही म्हणत नाही, चूल पेटवताना भांड्यांचा आवाज मात्र कमी करते. बाया किशनरावांसमोर पदर घेईनाशा झाल्या. बांध कोरणाऱ्याने तो पुन्हा कोरला. गाव मूळपदावर आलं.

राजेश्री पुन्हा फोटो काढते. पण आता ती गल्लोगल्ली सांगते की जितेपणी एक चांगला फोटो काढून ठेवा, सावलीत, निवांत, आणि मूळ प्रत जपा. आणि डोळे मिटले असतील तर मिटलेलेच लावा. कोणाचे उसने घेऊ नका.

एवढं सगळं झालं, पण एक पट्टी राहिली आहे, मित्रांनो. पंडितच्या नमुन्याची, जी मी आत ओढली आणि बाहेर आली नाही. माझ्या पोटाच्या तळाशी कापसासारखी एक गादी असते. साफसफाईत सांडलेली शाई तिच्यात मुरते. गावातल्या सगळ्यांचे थोडे थोडे चेहरे त्या गादीत आहेत. ती पट्टी तिथे पडली आहे, उताणी, डोळे वर.

तिथे अंधार असतो, त्यामुळे किशनरावांच्या झोपेला काही अडचण नाही. पण मध्यंतरी एका दुपारी ते बाजेवर गाढ झोपले असताना झोपेतच म्हणाले, "राजेश्री, निळी संपायली बग." राजेश्रीने येऊन पाहिलं. निळी खरंच तळाला गेली होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग शाई भरली, झाकण लावलं, आणि कोणाला काही बोलली नाही. तेव्हापासून ती दर आठवड्याला एक रंगीत कागद काढते. माझी शाई आता वाळत नाही. माझ्याइतकी काळजी घेतलेला प्रिंटर अख्ख्या जिंतूर तालुक्यात नसेल.

एकदाच ती माझं झाकण उघडं टाकून बाजारला गेली होती. खिडकीतून ऊन थेट आत आलं. अंगणात किशनराव दचकून उठून बसले आणि डोळ्यांवर हात धरून विचारायला लागले की दिवा कोणी लावला.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला वापरात ठेवा, धुळीपासून जपा आणि काम झालं की आठवणीने झाकण लावत जा. आत माणूस झोपलेला असतो.